बेल वाजली की दोन्ही कुत्र्यांची दारातच जुंपते: आधी काय तपासायचं, मग काय करायचं

लक्षण असं. दाराची बेल वाजते. दोन्ही कुत्री जीव खाऊन दाराकडे पळतात, पॅसेजमध्ये एकमेकांना धडकतात आणि बाहेरच्या माणसाला विसरून एकमेकांच्याच अंगावर जातात. कुरिअरवाला जिन्यापर्यंत मागे सरतो, समोरच्या काकू दार किलकिलं करून बघतात, आणि तुम्ही एका हाताने पट्टा ओढत दुसऱ्या हाताने मोबाइलवर ओटीपी शोधत असता. थोड्या वेळाने बघावं तर तीच दोघं एकमेकांचे कान चाटत पसरलेली. काही दिवस बरे जातात, की परत तेच.

आमच्याकडची जोडी म्हणजे ठमी आणि बंड्या. ठमी गावठी, सडसडीत, घरात पान हललं तरी तिला खबर. बंड्या बीगल. खाणं, वास आणि लाड यापलीकडे त्याला जग नाही, आणि या तिन्ही गोष्टी त्याला आत्ताच्या आत्ता हव्या असतात. ठमीला एरवी लाड नको असतात, पण बंड्याचे चाललेत म्हटल्यावर ती मध्ये डोकं घुसवतेच. दोघांवर सगळ्या घराचा जीव आहे आणि दोघांनी मिळून सगळ्या घराच्या नाकात दम आणलाय. पुण्यातला टू बीएचके, अरुंद पॅसेज, दारापाशी चपलांचा रॅक आणि सकाळपासून वाजणारी बेल, एवढं गृहीत धरून हे लिहितेय. बंगल्यात राहणाऱ्यांना यातलं निम्मं लागणार नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगते. भुंकणं आणि भांडण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण भुंकणं थांबवायच्या मागे लागतो, कारण सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार त्याची येते. पण जखमा भांडणातून होतात, आणि भांडण सोडवायला बेलपेक्षा पॅसेजकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

भांडण नेमकं कुठे लागतं?

चपलांच्या रॅकवर मोबाइल उभा करून दोन-चार वेळचं रेकॉर्डिंग करा. डोळ्यांना नुसता गोंधळ दिसतो. व्हिडिओ हळू चालवून बघितला की क्रम कळतो.

दारापर्यंत पोचायच्या आधीच, पॅसेजच्या तोंडाशी जुंपत असेल तर प्रश्न जागेचा आहे. दोन अंगं एकाच वेळी एका फटीतून जायला बघतात, धक्का लागतो, आणि आधीच तापलेल्या कुत्र्याला तो धक्का हल्ल्यासारखा वाटतो. इथे प्रशिक्षणाच्या आधी सुताराचं काम आहे. रॅक हलवा, छत्र्यांचा स्टँड, सायकल, जुन्या पेपरची रद्दी तिथून काढा. आमच्याकडे नुसता रॅक बाल्कनीत गेल्यावर धडका कमी झाल्या.

दार उघडल्यावर, माणूस समोर दिसत असताना जुंपत असेल तर तो वळलेला राग. ज्याच्यावर धावून जायचंय तो जाळीच्या दाराबाहेर आहे, तिथे पोचता येत नाही, मग शेजारी जो आहे त्याला चावा बसतो. साहेबावरचा राग घरी येऊन काढतात, तसलाच प्रकार. यात दोन कुत्र्यांमध्ये मुळात काहीच बिघडलेलं नसतं, म्हणून त्यांची ‘दोस्ती करून देण्याचे’ उपाय इथे लागू पडत नाहीत.

तिसरी शक्यता सहसा लक्षातच येत नाही. दार बंद झालंय, माणूस गेलाय, आणि मग भांडण. तेव्हा घरात काहीतरी आलेलं असतं: पार्सलचा खोका, दुधाची पिशवी किंवा आलेल्या माणसाचं लक्ष. बंड्याला कोणी आलं की चप्पल तोंडात घ्यायची खोड आहे. चप्पल त्याच्या तोंडात आली की ठमीचं तोंड मिटतं. आत्तापर्यंत जीभ बाहेर काढून धापा टाकत असलेली कुत्री एकदम ओठ बंद करते, शेपूट वर जाऊन तिथेच थांबते, वजन पुढच्या पायांवर येतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागतं. गुरगुर त्याच्याही नंतर येते, कधी येतही नाही. हे सगळं एखाद्या सेकंदात होतं. त्या सेकंदात ओरडायचं नाही, मध्ये हात घालायचा नाही. मी किचनकडे चालायला लागते आणि फ्रिजचं दार उघडते. त्या आवाजापुढे बंड्याला चप्पल, पाहुणे, ठमी कशाचीच पर्वा नसते. चपला मात्र आता कपाटात.

दुखतंय का, ते आधी

आतापर्यंत गुण्यागोविंदाने राहणारी कुत्री अचानक भांडायला लागली तर पहिली फेरी डॉक्टरांकडे. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात कानात दमट राहून संसर्ग होतो. अशा कानाला नुसता धक्का लागला तरी कुत्रं उसळतं. कंबर, खुबा, दात ही दुखणी कुत्री बेमालूम लपवतात. गोचिडांमुळे येणारा ताप, ज्याला इथे सगळे टिक फीवरच म्हणतात, त्यातही कुत्रं मरगळतं आणि कुणाला जवळ येऊ देत नाही. टेकडीवर जाणाऱ्यांनी रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली बोटं फिरवून बघावं. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन देऊ नका. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांना विषासमान ठरू शकतात.

नसबंदी झालेली नसेल तर मादीच्या माजाचे दिवसही कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि भांडणांच्या तारखांशी ताडून बघा.

आजपासून: बेल बंद

आपण शिकवत असताना बाहेर दिवसभर तीच बेल वाजत राहिली, तर शिकवलेलं सगळं पाण्यात. पेपर, दूध, कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताई, कामाच्या मावशी, इस्त्रीवाला, गॅस, दर थोड्या वेळाने कुठलीतरी डिलिव्हरी. प्रत्येक बेलेला कुत्रं भुंकतं, प्रत्येक माणूस यथावकाश निघून जातो, आणि कुत्र्याच्या हिशेबी तो आपल्या भुंकण्याने गेला. रोज इतक्या वेळा यश मिळाल्यावर ते का थांबेल?

म्हणून बेलचा सेल काढा किंवा स्विच बंद करा. सोसायटीत गेटवरून इंटरकॉम किंवा अ‍ॅप असेल तर तिथूनच माणूस थोपवा. मावशींना एक किल्ली द्या. दुधासाठी दाराला पिशवी अडकवा. आणि दारावर पाटी लावा, पुण्यात राहून पाटीला लाजायचं कारण नाही. आमची अशी आहे: ‘बेल बंद आहे. फोन करावा. कुत्री आत न्यायला दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ नसल्यास पार्सल वॉचमनकडे द्यावे.’ सासूबाईंनी त्याखाली पेनाने ‘दार वाजवू नये’ असंही लिहिलंय, आणि तेच सगळ्यात उपयोगी ठरलं.

पॅसेजच्या हॉलकडच्या तोंडाला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक बसवा. कुत्री दारापर्यंत पोचलीच नाहीत तर दारातलं भांडण होत नाही. हा कायमचा उपाय नाही असं काही जण म्हणतील. मला तो कायम ठेवायलाही काही हरकत वाटत नाही.

‘जागेवर’ शिकवणं, एका वेळी एकालाच

दोघांना एकत्र शिकवायचा मोह होतो, कारण वेळ वाचेल असं वाटतं. वाचत नाही. एकाला बेडरूममध्ये चघळायला काहीतरी देऊन ठेवा आणि दुसऱ्याबरोबर हॉलमध्ये बसा. बंड्या पहिल्या दिवसात बेडरूमच्या दारामागून आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं रडगाणं लावतो, ते ऐकून दार उघडायचं नाही. जरा गप्प झाला की उघडायचं.

दोघांच्या दोन सतरंज्या, हॉलच्या दोन टोकांना, दार थेट दिसणार नाही अशा जागी. खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे. घरात चालत नसेल तर पनीर. मीठ, कांदा, लसूण काही नाही. आधी बेलचा संबंधच नको. ‘जागेवर’ म्हणायचं, कुत्रं सतरंजीवर गेलं की तुकडा तिथेच खाली ठेवायचा. हातातून दिला की कुत्रं हाताच्या मागे उठून येतं.

हे जमलं की मोबाइलवर आपल्याच बेलचं रेकॉर्डिंग, अगदी बारीक आवाजात. इथे क्रम चुकला तर सगळं चुकतं: आधी आवाज, मग लगेच तुकडा. पिशवीत हात आधी गेला, तर कुत्रं पिशवीच्या खसखशीकडे लक्ष ठेवायला शिकतं आणि बेल तशीच्या तशी शत्रू राहते. कुत्रं-घंटी-लाळ म्हटलं की पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव सगळ्यांना आठवतं. गंमत म्हणजे त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. लाळेचा हिशेब ठेवता ठेवता त्यांच्या लक्षात आलं की खाणं येण्याआधीच्या खुणांनाही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आपल्याला बेलच्या बाबतीत नेमकं तेच हवंय. बेल झाली की कुत्र्याने दाराऐवजी सतरंजीकडे बघावं.

भुंकलं तर आवाज जास्त झाला एवढाच अर्थ. रागवू नका, आवाज कमी करा. आवाज पूर्ण चढवला तरी कुत्रं शांत आहे असं झाल्यावर घरातल्या कोणीतरी बाहेर जाऊन खरी बेल वाजवावी. मग तुम्ही उठून दारापर्यंत जा आणि परत या. मग दार उघडा, बाहेर कोणी नसताना. मग बाहेर घरचा माणूस, मग ओळखीचा. प्रत्येक पायरीला तुकडे, आणि प्रत्येक वेळी कुत्र्याला अजून हवं असतानाच थांबायचं.

एक अडचण जवळपास सगळ्यांना येते. रेकॉर्डिंगला कुत्रं छान बसतं आणि खऱ्या बेलेला धावतं. कारण कुत्र्याला बेलच्या आधी लिफ्ट ऐकू येते. माणसाचे कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत पोचतात, कुत्र्याचे ४५ हजारांच्या आसपास. लिफ्टचं दार, जिन्यावरची पावलं, प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ, हे सगळं त्याच्या दृष्टीने बेलचाच भाग आहे. ठमी लिफ्ट थांबताच उभी राहते. तेव्हा लिफ्टच्या आवाजालाही तुकडा द्यायला सुरुवात करा.

दोघं एकत्र ही अगदी शेवटची पायरी, आणि तिला दोन माणसं लागतात. दोघांना पट्टे, प्रत्येकाच्या सतरंजीजवळ एक माणूस. तुकडा देताना नाव घ्यायचं: ‘ठमी’, मग तुकडा, ‘बंड्या’, मग तुकडा. नाव ऐकू आलं की आपला नंबर, हे दोघांना कळलं की हिसकाहिसकी उतरते. बंड्या मध्येच भुंकून मागतो. त्याला तेव्हा न देता ठमीला द्यायचं, आणि तो गप्प झाला की लगेच त्याला. हे त्याला भयंकर अन्यायाचं वाटतं, चेहराही तसाच करतो.

वेगवेगळं फिरवणं

याला टाळाटाळ होते, माझ्याकडूनही होते, कारण सकाळी आधीच घाई. पण दिवसातला एक फेरा तरी दोघांना वेगवेगळा हवा. एकाच पट्ट्याला जुंपल्यासारखी दोघं फिरली की दोघांनाही धड वास घेता येत नाही, आणि वास घेऊन डोकं शिणल्याशिवाय गावठी काय, बीगल काय, घरी शांत बसत नाही. तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर लांब पट्टा लावून एकेकाला रमतगमत नेलं तर वीस मिनिटंही पुरतात. पट्टा सोडू नका, मोर असतात. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू ठेवून बघा. आपल्याला ठेववत नसेल तर त्यांच्या पंजांनाही भाजतं.

जुंपलीच तर

तोंडाजवळ आणि गळ्याजवळ हात नेऊ नका. आपलंच कुत्रं, तरी त्या क्षणी ते कुणाला चावतंय हे त्याला कळत नाही. गळपट्टा धरायला गेलेला हात चावला जातो. खुर्ची, पाट, मोठं ताट, काहीही दोघांच्या मध्ये सरकवा. अंगावर जाड चादर टाका. कुकरचं झाकण फरशीवर आपटा. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी एकेकाचे मागचे पाय धरून, किंचित गोल वळवत मागे खेचायचं. एकच कुत्रं खेचलं तर दुसरं त्याच्यावर तुटून पडतं.

नंतर दोन खोल्या, दोन बंद दारं, आणि त्या दिवशी ‘चला, आता मैत्री करा’ बंद. केसांखाली बोटं फिरवून बघा. सुळ्याचं भोक वरून टाचणीएवढं दिसतं आणि आत खोल असतं. माणसाला चावा लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्यांची रेबीजची लस वेळच्या वेळी झालेली आहे ना, ते कागद हाताशी असू द्यात. महापालिकेच्या परवान्यालाही तेच कागद लागतात.

हे करू नका

पाण्याचा फवारा, वर्तमानपत्राची सुरळी, शॉक देणारे पट्टे. आधीच बिथरलेल्या कुत्र्याला बेलबरोबर आता वेदनाही आली, म्हणजे बेल आणखी वाईट. गुरगुरण्यावर शिक्षा करू नका. गुरगुर हा इशारा आहे, तो बंद पाडला की कुत्रं थेट चावतं. ओरडूही नका, त्यांना वाटतं आपणही भुंकायला सामील झालो.

आणि ‘तुम्ही म्होरके व्हा, त्यांना आपसात नंबर ठरवू द्या’ हा सल्ला तर अजूनही बागेत मिळतो. त्याचं मूळ १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या, पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडलं की रानातला कळप म्हणजे बहुतांशी आईबाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेसाठी झगडणारी टोळी नव्हे. आपसात ठरवू दिलं तर फ्लॅटमध्ये टाके पडतात, एवढंच ठरतं.

सुटलेला प्रश्न परत का येतो

कारण बहुतेक वेळा कारण बेल नसतेच. गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. आसपास राहणाऱ्या कुत्र्यांना रोज संध्याकाळी तो ताण असतो. त्यात पावसाने फिरणं बुडालेलं, घरात रंगकाम, वर पाहुणे. यातला प्रत्येक ताण कुत्रं एकेकटा सोसतं, एकावर एक चढले की मग एका बेलेला स्फोट. दिवाळीत तर फटाके, फराळाचा वास आणि सतत उघडं दार हे तिन्ही एकत्र. त्या दिवसांत शिकवलेल्यावर विसंबू नका. बेल बंद, पाटी परत, फाटक लावलेलं, आणि पाहुणे येऊन बसेपर्यंत कुत्री आतल्या खोलीत. फराळाची ताटं उंचावर; लाडवातला बेदाणा आणि चॉकलेट दोन्ही कुत्र्यांना घातक आहे.

दुसरं कारण घरातली माणसं. एक जण सतरंजीवर पाठवतो, दुसरा ‘काही करत नाहीत हो, या’ म्हणत सरळ दार उघडतो. कुत्र्यांना पाठ दुसराच होतो. आमच्याकडे फाटकाच्या आतल्या बाजूलाही एक पाटी आहे, ती माणसांसाठी.

समोरच्या काकूंनाही कळवून ठेवा. पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही, पण शेजाऱ्यांना भुंकण्याचा त्रास होऊ नये यासाठी मालकाने झटावं अशी अपेक्षाही त्यातच आहे. नियम दाखवण्याआधी काय प्रयत्न चाललेत ते सांगितलेलं बरं.

घरच्या घरी कधी करू नये

एकाच भांडणात खोल जखमा होत असतील, एक कुत्रं दुसऱ्याचा नुसत्या येण्याजाण्यावरही राग धरत असेल, छोटं कुत्रं बेडखालून बाहेर येत नसेल, किंवा घरात लहान मूल असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून कुत्र्यांच्या वर्तनातलं कळणाऱ्या पशुवैद्यांकडे जा. व्हिडिओ न्या. तोवर दोघं बंद दाराने वेगळी, आणि जाळीचं मुसकं घालायची सवय हळूहळू, खाऊ देत. काही जोड्यांना औषधांची गरज पडते, त्यात कमीपणा नाही. आणि मारून-दटावून ‘एका आठवड्यात सरळ करतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

आमच्याकडे बंड्या अजूनही बेलेला एक लांब हेल काढतो, तेवढा आम्ही चालवून घेतो. हल्ली बरेच जण नवीन धून असलेली बेल बसवून घेतात, म्हणजे जुना राग मागे राहील. युक्ती चांगली आहे, फक्त ती धून भिंतीवर चढवण्याआधी मोबाइलवर वाजवून, तुकडे देऊन, दोघांना वेगवेगळी ऐकवून घ्या.